खोबरेल मुरलेला फ्रेटबोर्ड: एका गिटारच्या तेलपाण्याची केस

तक्रारी चार होत्या. फ्रेटबोर्ड, म्हणजे ज्या लाकडी पट्टीवर बोटांनी तारा दाबतात ती, हाताला चिकट लागतो, दिसतो मात्र वाळलेला. नेकच्या (गिटारच्या मानेच्या) कडेवरून हात सरकवला की फ्रेटची, म्हणजे फ्रेटबोर्डमध्ये आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बोचतात. पहिल्या तीन-चार फ्रेटवर तार दाबली की झणझणते, सूर स्वच्छ निघत नाही. आणि मागच्या डिसेंबरात लाकडावर बुरशीसारखे पांढरे ठिपके उठले होते. उन्हाळा लागला तसे ते आपोआप गेले.

गिटार पोलादी तारांची अकूस्टिक, वीसेक वर्षांची, बऱ्यापैकी बनावटीची. नेक महोगनीचा, त्यावर मॅट फिनिश. फ्रेटबोर्ड आणि ब्रिज (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात ती पट्टी) शिसवाचे, म्हणजे ज्याला बाजारात इंडियन रोझवुड म्हणतात त्याचे. आधी ती म्हापशाला मामांकडे होती. भाची इंजिनिअरिंगला नागपूरला गेली तेव्हा मामांनी तिला देऊन टाकली. मेच्या सुट्टीत ती पुण्याला घरी आली आणि आईला घेऊन माझ्या दुकानात आली. आई कशाला, ते लवकरच कळलं. गिटारची निगा आईच राखत होती.

"काका, मी व्हिडिओत बघितलं, फ्रेटबोर्ड कोरडा पडला की तेल लावायचं. आईने कितीदा लावलं, तरी परत कोरडाच दिसतो."

"कुठलं तेल लावता?" मी आईंना विचारलं.

"अहो, चांगलं घाण्यावरचं खोबरेल. माहेरहून येतं. आमचा भाऊसुद्धा तेच लावायचा. ही सुट्टीला आली की मी लावून देते, आणि नागपूरलाही बाटली दिलीय बरोबर."

तेलात खोट नव्हती. जागा चुकली होती. चारही तक्रारींची कारणं शेवटी दोनच निघाली: साचलेलं तेल आणि कोरडी हवा. तेल कमी पडल्यामुळे उभी राहिलेली तक्रार त्यात एकही नव्हती. दर उन्हाळ्यात अशा दोन-चार गिटार येतातच, म्हणून ही केस जरा सविस्तर लिहितो.

भिंगातून काय दिसलं

पिशवीची चेन उघडताच खवट वास आला. निम्मं निदान तिथेच झालं. तारा सैल करून बाजूला सारल्या आणि पहिल्या फ्रेटपाशी भिंग धरलं. फ्रेटची धातूची पट्टी जिथे लाकडाला टेकते त्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी राखाडी-हिरवट लुकण बसलं होतं. जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा त्यात घालून ओढला की त्याची वळी निघायची, मऊ, मेणासारखी. जी, सी, डी हे कॉर्ड जिथे धरतात, म्हणजे पहिले तीन फ्रेट, तिथे थर सगळ्यांत जाड. पाचव्याच्या पुढे विरळ, बाराव्याच्या पुढे जवळजवळ नाहीच. ह्यात नवल काही नाही. घाम, त्वचेचा निघालेला पापुद्रा, धूळ आणि तेल, ह्या चौघांचा तो मिलाफ असतो. बोटं जिथे जास्त तिथे तो जास्त.

हिरवा रंग मात्र समजून घेण्यासारखा आहे. फ्रेटची पट्टी बहुतेक गिटारमध्ये निकेल सिल्व्हरची असते. त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. भांड्यांच्या बाजारात ह्याच जातीच्या मिश्रधातूला जर्मन सिल्व्हर म्हणतात. खोबरेल खवट झालं की त्यातून मोकळी मेदाम्लं सुटतात, ती तांब्याला धरतात आणि तांब्याचा हिरवा साबण तयार होतो. घामातली आम्लं आणि क्षारही त्याला हातभार लावतात. म्हणजे लाकडाच्या मायेपोटी लावलेलं तेल फ्रेटचा धातू खात होतं, आणि तो हिरवा गाळ पुन्हा लाकडाच्या छिद्रांत उतरत होता.

आता ते पांढरे ठिपके. मुलीने मोबाइलवर डिसेंबरातला फोटो दाखवला. शिसवाच्या लांबट छिद्रांत, रेषेरेषेने, पांढरे दाणे. बुरशी अशी फक्त छिद्रांच्या रेषा धरून शिस्तीत बसत नाही. ती पृष्ठभागावर डागांनी पसरते, आणि तिला ओल लागते. नागपूरच्या हिवाळ्यात ती ओल कुठून येणार? मी शिसवाचा एक टाकाऊ तुकडा घेतला, त्यावर खोबरेल चोळून पुसलं आणि फ्रिजमध्ये ठेवला. चहा होईपर्यंत तुकड्यावर तशाच पांढऱ्या रेषा उमटल्या. अंगठा दाबून धरल्यावर त्या विरघळून गायब. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं हे प्रत्येक घरात ठाऊक असतं, पण न्हाणीघरातल्या बाटलीत थिजणारं तेल गिटारमध्येही थिजेल हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आई तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत होत्या. नंतर मुलीला म्हणाल्या, "बघ, उगाच तू खोली फिनाइलने पुसून काढलीस."

बोचणारे फ्रेट आणि झणझण

उरलेल्या दोन तक्रारींशी तेलाचा संबंध नव्हता. पावसाळ्यात फुगून लागेनासं झालेलं दार सगळ्यांनी पाहिलं आहे. हा त्याच गोष्टीचा उलटा प्रकार. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. तसं करताना ते रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळपास नाहीच. म्हापशाला जुलैत हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. नागपूरला मेच्या दुपारी ती २० टक्क्यांच्या आसपास येते. ह्या दोन टोकांमध्ये गिटार पुरेसा काळ राहिली तर फ्रेटबोर्डची रुंदी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून थोडी जास्तही बदलू शकते. धातूच्या पट्ट्या मात्र आहे तेवढ्याच राहतात. मग दोन्ही कडांना पाव-पाव मिलिमीटर धातू बाहेर डोकावतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही, पण बोटाच्या कातडीला ते ब्लेडसारखं कळतं.

झणझणीचंही तेच. गिटारच्या पोटावरची पातळ फळी, जिला टॉप म्हणतात, ती दमट हवेत फुगून वर येते आणि कोरड्या हवेत खाली बसते. टॉप बसला की त्यावरचा ब्रिज बसतो, ब्रिजबरोबर तारा खाली येतात आणि फ्रेटला घासू लागतात. नेकही सरळ होत जातो, त्यातला हवा तो बारीकसा बाक निघून जातो. मी पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर सहावी तार दाबून सातव्यावर फट पाहिली. फटच नव्हती, तार टेकलेली. टॉपवर आडवी पट्टी धरली तर साउंडहोलजवळ (मधल्या गोल भोकाजवळ) खळगा दिसला. मामांची तक्रार नेमकी उलटी असायची, असं आई म्हणाल्या: तारा फार उंच, दाबता दाबत नाहीत. गिटार एकच, गोव्यात फुगलेली, विदर्भात आकसलेली.

अशा वेळी ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई, फिरवायचा मोह होतो. फिरवू नये. हवा ताळ्यावर आली की नेक स्वतःहून बराच परत येतो. तोपर्यंत फिरवलेला रॉड मग उलटा फिरवावा लागतो. आणि अशा नेकला तेल पाजून उपयोग काय? आकसलेल्या लाकडाच्या पेशींतून गेलेलं असतं पाणी. तेल म्हणजे पाणी नव्हे. तेलाने लाकूड गडद दिसतं, आणि गडद दिसलं की आपल्याला ते तृप्त वाटतं, एवढंच. ओलाव्याची ये-जा तेल जराशी मंद करतं खरं, पण गेलेला ओलावा परत आणत नाही.

साफसफाई

गिरणीवरच्या पिठासारखी सगळी घाण एका झाडूने निघाली असती तर काम दहा मिनिटांचं होतं. पण फ्रेटबोर्डवर दोन जातींची घाण असते. तेलकट घाण पाण्याला दाद देत नाही, आणि घामाचं मीठ तेल विरघळवणाऱ्या द्रावणाला दाद देत नाही. त्यामुळे दोन्ही हत्यारं लागतात, आणि क्रम चुकवून चालत नाही: आधी तेलकट थर, मग खारट. वर तेलाचा पापुद्रा असेल तर ओलं फडकं नुसतं घसरत राहतं.

सगळ्या तारा काढल्या. एका वेळी सगळ्या तारा काढल्या तर नेक बिघडतो, ही भीती निष्कारण आहे. अकूस्टिकच्या बाराच्या सेटचा (सगळ्यांत बारीक तार ०.०१२ इंचाची) ताण सत्तर किलोच्या पुढे जातो, तो एकदम तोडून काढायचा नाही, सहाही खुंट्या पाळीपाळीने सैल करायच्या. मग एक-दोन दिवस तारांशिवाय नेकला काही होत नाही. मानेखाली टॉवेलची घडी ठेवली. साउंडहोलवर पुठ्ठा लावला, फ्रेटबोर्डचा जो भाग टॉपवर येतो त्याच्या कडेने मास्किंग टेप. इलेक्ट्रिक गिटार असती तर पिकअप (तारांचा सूर पकडणारे भाग) पूर्ण झाकले असते, कारण त्यांत चुंबक असतो आणि पुढे स्टील वूलने घासताना पडणारा पोलादाचा भुगा तो सोडत नाही.

पहिलं हत्यार प्लास्टिकचं कार्ड. त्याच्या कोपऱ्याने फ्रेटच्या दोन्ही अंगांचं लुकण ओढून काढलं. धातूचं पातं वापरणारे कारागीर आहेत, त्यांचा हात तयार असतो. घरी करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, शिसवावर ओरखडा उठायला एक झटका पुरतो.

दुसरं हत्यार नॅफ्था, म्हणजे पेट्रोल-लायटरमध्ये भरतात ते द्रावण. तेल विरघळवतं, लगेच उडून जातं, आणि बहुतेक फिनिशना इजा करत नाही. तरी आधी एका न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून पाहायचं. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालतं, पण ते सावकाश उडतं आणि वास रेंगाळतो. रॉकेल चालत नाही, ते मागे तेलकटपणा ठेवतं. एनसी थिनर तर अजिबात आणू नका. नेकच्या कडेचं लॅकर आणि प्लास्टिकची बाइंडिंग (कडेची पट्टी) दोन्ही विरघळतील. खिडकी उघडी ठेवली, दुकानातली उदबत्ती विझवली आणि मलमलीच्या फडक्याला नॅफ्था लावून एकेक घर पुसत गेलो. घर म्हणजे दोन फ्रेटमधली जागा. बाटली लाकडावर ओतायची नाही, फडक्यावर घ्यायची.

इथे एका गोष्टीकडे लक्ष ठेवावं लागतं. फडकं काळं येतंय म्हणजे अजून घाण आहे, असं समजून लोक घासत सुटतात. स्वस्त गिटारमध्ये फिक्या लाकडाला काळा रंग देऊन ते आबनूस भासवलेलं असतं, आणि तो रंग फडक्यावर येतो. खऱ्या शिसवाचाही स्वतःचा तपकिरी-जांभळा रस असतो. स्पिरिटने तर तो भराभर सुटतो. म्हणून मी आधी विसाव्या फ्रेटच्या पलीकडे, जिथे कुणाचं बोट पोचत नाही, तिथे कापसाच्या काडीने पुसून घेतलं. तिथे काडीवर जो तपकिरी रंग आला, तो ह्या लाकडाचा स्वतःचा. पहिल्या घरातलं फडकं त्या रंगावर आलं की थांबायचं. तिसऱ्या घराला सगळ्यांत जास्त फेऱ्या लागल्या. नंतर जुन्या टूथब्रशने लाकडाच्या रेषेच्या दिशेने छिद्रं उकरली, आणि पुन्हा एक हात पुसला.

मग खारट थर. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, त्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं, आणि पाठोपाठ कोरडं. एका घरावर ओलं फडकं दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू द्यायचं नाही. पाण्याला लोक घाबरतात, पण अशा पिळलेल्या फडक्याने काही बिघडत नाही. न पुसता राहिलेलं घामाचं मीठ जास्त वाईट, ते हवेतली ओल ओढून धातू कायम दमट ठेवतं.

फ्रेटचा हिरवेपणा उरला होता. प्रत्येक फ्रेटच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून फक्त धातू उघडा ठेवला आणि चार शून्य नंबरच्या स्टील वूलने (पोलादाच्या बारीक तंतूंच्या बोळ्याने) त्याच्या लांबीत घासला. हे वूल ऑनलाइन मिळतं. संगमरवर पॉलिश करणारे वापरतात ते अनेकदा जाड नंबरचं असतं, आणि स्वयंपाकघरातली तारेची घासणी तर भलतीच खरखरीत. हिरवी नायलॉनची घासणीही टाळावी, तिच्यात कुरुंदासारखी पूड असते. धातूचं पॉलिश लावलं तर फ्रेट चकाकतात हे खरं, पण टेपखालून झिरपलेली त्याची पांढरी पूड शिसवाच्या छिद्रांत जाऊन बसते आणि जन्मभर दिसते. मी ते वापरलं नाही. टेप काढून, तेच वूल अगदी हलक्या हाताने एकदा लाकडावरून रेषेच्या दिशेने फिरवलं आणि भुगा व्हॅक्यूमने ओढून घेतला.

ब्रिजलाही हाच सोपस्कार. तो शिसवाचाच आणि बिनफिनिशचाच असतो, पण लोक त्याला विसरतात. इथे मात्र आईंच्या हातून तो सुटला नव्हता; ब्रिजच्या मागच्या कडेला तेलाची पुसट रेघ होती. ही जागा मी पुनःपुन्हा नॅफ्थाने पुसली. ब्रिज टॉपला नुसत्या सरसाने चिकटलेला असतो. उद्या तो उचकटला आणि पुन्हा चिकटवायची वेळ आली, तर तेल प्यायलेलं लाकूड सरस धरत नाही.

नेकची मागची बाजू झटपट उरकली. तिथे उघडं लाकूड नाही, वर फिनिश आहे. चिकटपणा फिनिशवरच्या खोबरेलाचा होता. नॅफ्था, मग ओलसर फडकं, झालं. अंगठ्याच्या जागी मॅट फिनिश घासून चकचकीत झालंय, ते तसंच ठेवलं. ती घाण नव्हे, वापराची झळाळी आहे. फिनिश असलेल्या लाकडाला तेल पोचतच नाही, हे इथे आवर्जून सांगतो, कारण मेपलचे फिके, लॅकर दिलेले फ्रेटबोर्ड असलेल्या गिटारवरही लोक तेल चोळतात.

आधी हवा, मग तेल

साफ झालेला फ्रेटबोर्ड पाहून मुलगी घाबरलीच. राखाडी, पांढुरका, उन्हात पडलेल्या फळकुटासारखा. ह्याच क्षणी सगळे तेलाची बाटली उचलतात. मी गिटारला जुन्याच तारा पुन्हा चढवल्या, एक सूर खाली ठेवून. पंधरवडाभर तारांशिवाय ठेवली असती तर ट्रस रॉडचा ताण एकटा उरून नेक मागे गेला असता. मग ती बंद कपाटात गेली.

कपाटात ओलसर स्पंजचे दोन डबे आणि एक आर्द्रतामापक. काही शे रुपयांत मिळणारे हे मापक पाच-दहा टक्क्यांनी सहज खोटं बोलतात, म्हणून आधी मिठाची परीक्षा घ्यावी: झाकणात जेवणातलं मीठ, त्यात मिठाचा जाडसर गाळ होईल इतकेच पाण्याचे थेंब, आणि मापकासह हे सगळं हवाबंद डब्यात रात्रभर. आकडा ७५ आला तर मापक खरं. माझं कपाटातलं ७१ दाखवतं, म्हणून मी चार मिळवून वाचतो. कपाट ४५ ते ५० टक्क्यांवर ठेवलं. घाईने ७० वर नेलं असतं तर लाकूड बाहेरून फुगलं असतं आणि आत कोरडंच राहिलं असतं. चिरा अशाच पडतात.

दोनेक आठवड्यांनी सातव्या फ्रेटवर पुन्हा फट दिसू लागली, व्हिजिटिंग कार्डापेक्षा थोडी कमी. टॉपवरचा खळगा भरला. ट्रस रॉडला पाना लावावाच लागला नाही. बोचणारी टोकं बरीच आत गेली, पण सगळी नाही. बाराव्याच्या पुढची काही तेवढीच बाहेर राहिली. गोव्यातली दमट हवा आठवून ती तशीच ठेवावीत, असाही एक विचार असतो. पण ही गिटार आता आणखी दोन-तीन उन्हाळे नागपुरात काढणार, म्हणून मी ती बारीक कानशीने तिरकी करून घेतली.

तेलाची पाळी आता आली. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन, म्हणजे शुद्ध केलेलं खनिज तेल, मी वापरतो. पोट साफ व्हायला देतात तेच, पण दुकानदार बऱ्याचदा दुधाळ किंवा गुलाबी मिश्रण हातात ठेवतो. ते नको, पाण्यासारखं पारदर्शक, बिनवासाचं हवं. वाद्यांच्या दुकानात लेमन ऑइल नावाने जी बाटली मिळते तीही बहुतांशी असलंच खनिज तेल असते, वासापुरतं लिंबू. ती घेतली तरी बिघडत नाही, पैसे जास्त जातात इतकंच. लिंबू पिळलेला एक फ्रेटबोर्डही मी पाहिला आहे. त्याबद्दल न बोललेलं बरं.

खनिज तेल का, तर ते खवट होत नाही, थिजत नाही, आणि सुकून त्याचा चिकट पापुद्राही होत नाही. शेंगदाणा, तीळ, मोहरी ही तेलं हवेशी संयोग पावून हळूहळू डिंकासारखी होतात. जवसाचं तेल तर पूर्ण सुकतं. कसलेले कारागीर त्याचा अतिपातळ हात देतात आणि तो छानही दिसतो, पण जरा जास्त झालं की महिनोन्‌महिने चिकट राहतं. शिवाय जवसाच्या तेलाचा बोळा करून फेकलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते पसरून वाळवावं लागतं किंवा पाण्यात बुडवून टाकावं लागतं. घरच्या कामाला ही कटकट कशाला?

अख्ख्या फ्रेटबोर्डला पाच-सहा थेंब लागले. थेंब फडक्यावर घेऊन लाकडावर फिरवायचे, दहा मिनिटं थांबायचं आणि मग कोरड्या फडक्याने असं पुसायचं की शेवटच्या फडक्यावर डाग उमटू नये. लाकडाने जे घ्यायचं ते त्या दहा मिनिटांत घेतलेलं असतं. वर राहिलेलं तेल फक्त धूळ पकडतं आणि फ्रेटच्या खाचांत उतरतं. हे वर्षातून एकदा पुरे, फार तर दोनदा. रोज दोन तास वाजवणाऱ्याच्या बोटांचंच तेल लाकडाला इतकं मिळतं की त्याने बाटली विकतच घेऊ नये.

पुसून झाल्यावर शिसवाचा गडद तपकिरी रंग आणि त्यातल्या काळ्या रेषा वर आल्या. दुसऱ्या घरात, पहिल्या दोन तारांखाली, बोटांनी झिजून पडलेले खळगे आता स्पष्ट दिसतात. ते मामांचे असावेत. तसेच ठेवले.

थोडं लाकडाविषयी

ही गिटार शिसवाची आहे, पण गेल्या काही वर्षांत घेतलेली असेल तर तुमची तशी असेलच असं नाही. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाची सगळी जात धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटीस कराराखाली आली. कागदपत्रांचा व्याप वाढल्यावर मोठ्या कंपन्यांनी मधल्या आणि स्वस्त गिटारसाठी दुसरी लाकडं शोधली. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली, पण पर्यायी लाकडं बाजारात टिकून राहिली. त्यांतलं इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन. कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या कुणालाही तो सांगायला नको. ऐनाचा रंग शिसवापेक्षा फिका आणि छिद्रं ठळक, त्यामुळे कोरी करकरीत गिटारही कोरडी पडल्यासारखी दिसते आणि लोक पहिल्याच आठवड्यात तिला तेलाने न्हाऊ घालतात. ऐनाला हेच सगळं लागू आहे: पाच-सहा थेंब, दहा मिनिटं, कोरडं फडकं. शिसवाइतका काळा तो होणार नाही. त्याचा तो रंगच नाही.

परत जाताना

नवा बाराचा सेट चढवला. खालच्या फ्रेटवरची झणझण गेली. दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला अजून थोडी आहे, कारण त्या फ्रेटवर तारेने खाच पाडली आहे. हा झिजेचा प्रश्न, त्याला फ्रेट लेव्हलिंग, म्हणजे सगळे फ्रेट घासून एका पातळीला आणणं, लागतं. ते मी आत्ता केलं नाही. एक अख्खा उन्हाळा आणि एक पावसाळा गिटार बऱ्या हवेत राहून स्थिर होऊ दे, मग फ्रेट घासायचे; हलत्या लाकडावर केलेलं लेव्हलिंग टिकत नाही.

नागपूरच्या खोलीत कूलर आहे. कूलर चालू असताना त्या खोलीत दमट हवा, बंद केला की तासाभरात पुन्हा भट्टी. गिटार कूलरसमोरच्या भिंतीला टांगलेली असायची, ती जागा सगळ्यांत वाईट. कापडी पिशवी सोडून हार्ड केस घ्यायला सांगितली. केसमध्ये मापक आणि भोकं पाडलेल्या साबणदाणीत पिळलेला स्पंज, लाकडाला न टेकता. आकडा चाळीसच्या खाली गेला तर स्पंज ओला करायचा, साठच्या वर गेला तर काढून घ्यायचा. सुट्टीत गिटार म्हापशाला गेली तर स्पंजाच्या जागी सिलिका जेलच्या पुड्या. वाजवून झाल्यावर तारा आणि फ्रेटबोर्ड कोरड्या फडक्याने पुसायचा, कंटाळा आला तरी.

"म्हणजे मी काहीच लावायचं नाही?" आईंनी विचारलं.

"पुढच्या मेमध्ये, तारा बदलताना, पाच थेंब. ते खोबरेल डोक्यालाच ठेवा."

जुलैत मुलीचा मेसेज आला. केसमधला आकडा ६२, स्पंज काढलाय, आता पुड्या घालू का? घाल म्हटलं, पण दोनच, आणि आकडा पन्नासला आला की काढ. फ्रेट लेव्हलिंगसाठी पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती गिटार घेऊन येणार आहे.